चिमुकल्यांनी साकारला एल्फ! (नक्की कुणी साकारला, ते खाली वाचा)

मंगळवारी रात्री पावणेनऊला मुलीच्या शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला. मुलगी दुसरीत, शाळा इंग्रजी माध्यमाची. उद्या ख्रिसमस ॲक्टिव्हिटी, एल्फ क्राफ्ट. आणायचं साहित्य : टॉयलेट पेपरचे रिकामे रोल दोन, फेल्टचा कागद हिरवा एक आणि लाल एक, हलणाऱ्या डोळ्यांची जोडी, पाइप क्लीनर दोन, पॉमपॉम एक, कापूस. खाली हात जोडलेला इमोजी.

पहिल्याच वस्तूला गाडी अडली. टॉयलेट पेपरचे रिकामे रोल! आमचं तालुक्याचं गाव. नळाला तीन दिवसाआड पाणी येतं हे खरं आहे, पण म्हणून गाव अजून कागदावर आलेलं नाही. पाच मिनिटांत ग्रुपवर सगळ्यांचं टायपिंग सुरू. 'रोल म्हणजे कोणता?' 'किचनवाला चालेल का?' एका पालकांनी सरळ लिहिलं, 'आमच्याकडे वापरत नाहीत.' त्यावर कुणीतरी हसण्याचा इमोजी टाकला आणि लगेच डिलीट केला. शेवटी एका ताईंनी मेडिकलमधून भरलेला रोल आणला, सगळा कागद उलगडला, आतली पुठ्ठ्याची नळी काढली आणि फोटो टाकला, 'असं करा.' त्या उलगडलेल्या कागदाचं त्यांनी पुढे काय केलं, ते ग्रुपवर आलं नाही.

मी गाडी काढली आणि बसस्टँडजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदार शटर अर्धं खाली घेऊन उभाच होता. यादी वाचायला सुरुवात केली तर म्हणाला, "पत्रकारसाहेब, कापत-चिकटवत कुठं बसता रात्रीचं? तयार आहे की." खोक्यातून एल्फ काढून काउंटरवर ठेवला. हिरवा अंगरखा, टोकदार लाल टोपी, वर पांढरा गोंडा, मोठे कान, गालावर दोन लाल ठिपके. १२० रुपये. "शाळेचाच नमुना आहे. तुमच्याच वर्गाचे अठरा गेले सकाळपासून."

सकाळपासून! म्हणजे आम्हाला मेसेज रात्री आला, दुकानाला आधीच कळलं होतं. असो.

घेतला. खोटं कशाला बोलू? दिवसभर एका अपघाताच्या बातमीमागे फिरलो होतो, बायकोची दुसऱ्या दिवशी सकाळची ड्युटी होती, मुलगी झोपेला आली होती. एल्फ दप्तरात घातला आणि विषय मिटवला.

एल्फ म्हणजे कोण, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्या आईलाही माहीत नव्हतं, ती त्याला 'तो टोपीवाला' म्हणते. सांताक्लॉज उत्तर ध्रुवावर राहतो आणि तिथं त्याच्या कारखान्यात मुलांसाठी खेळणी बनवणारे बुटके कामगार म्हणजे एल्फ. युरोपच्या उत्तरेकडच्या देशांत त्यांचे जुने भाऊबंद आहेत. डेन्मार्क-नॉर्वेत निसे, स्वीडनमध्ये टोम्टे. हा शेतघराचा राखणदार. आपल्या कोकणात राखणदाराला त्याचा मान द्यावा लागतो, तसं याला नाताळच्या रात्री वाटीभर लापशी ठेवायची, वर लोणी घालून. लोणी विसरलं की तो चिडतो. अमेरिकेत १८२३ साली छापून आलेल्या एका प्रसिद्ध कवितेत खुद्द सांतालाच एल्फ म्हटलंय. सांताचा कारखाना आणि त्यात राबणारे एल्फ हे चित्र पुढे १८७० च्या दशकात तिथल्या मासिकांनी घरोघरी नेलं. म्हणजे मुळात हा घर सांभाळणारा, मग हातानं काम करणारा. लोभस प्राणी आहे. माझं त्याच्याशी काही भांडण नाही.

भांडण पुढचं आहे.

बुधवारी दुपारी शाळेच्या फेसबुक पानावर फोटो आले. चाळीस मुलं, चाळीस एल्फ. त्यातले अठरा-वीस तर एकाच साच्यातून काढल्यासारखे, कारण ते तसेच होते. संध्याकाळी मला शाळेतून प्रेसनोट आली. आणि इथं मला स्वतःबद्दल सांगावं लागेल. गेली वीस-एकवीस वर्षं अशा प्रेसनोटांना मथळा मीच देत आलोय : 'चिमुकल्यांनी साकारल्या आकर्षक वस्तू'. दिवाळीत आकाशकंदील, श्रावणात राख्या, डिसेंबरात सांता, जूनमध्ये कागदी पिशव्या. साकारलं कुणी, हे मी एकदाही विचारलेलं नाही. पत्रकारितेच्या डिप्लोमाला पहिल्या आठवड्यात शिकवतात : कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं. यातला पहिलाच प्रश्न मी वीस वर्षं गाळला. परवाही हात सवयीनं टाइप करत होता, 'चिमुकल्यांनी साकारला...' आणि मला दुकानदाराचं खोकं आठवलं.

त्या रात्री मुलगी जेवली नाही नीट. झोपताना माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाली, "बाबा, आपला एल्फ तू आणलास हे त्याला माहितीये."

कुणाला?

"क्लासमधल्या मोठ्या एल्फला. तो कपाटावर बसलाय. मिस म्हणाल्या, तो सगळं बघतो आणि रात्री जाऊन सांताला सांगतो. मिसनी विचारलं, तू केलास ना? मी हो म्हणाले. मला स्टार मिळाला. आता तो सांगणार."

सात वर्षांची पोर. स्टार मिळाल्याच्या दिवशी तिला झोप येईना. खोटं बोलायची सोय मी करून दिली, बक्षीस शाळेनं दिलं आणि भीती तिच्या वाट्याला आली. मी म्हटलं, "अगं, ते कापडाचं बाहुलं आहे." ती म्हणाली, "हळू बोल."

मग मी जरा शोधाशोध केली. कपाटावरचा हा एल्फ काही जुन्या लोककथेतला नाही. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या कॅरल एबरसोल्ड आणि त्यांची मुलगी चांडा बेल यांनी २००५ साली 'द एल्फ ऑन द शेल्फ' नावाचं पुस्तक स्वतःच छापलं. पुस्तकाच्या खोक्यात एक एल्फचं बाहुलं मिळतं. नियम असे : घरानं त्याला नाव द्यायचं. तो दिवसभर शेल्फवर बसून मुलांवर लक्ष ठेवतो. रात्री उत्तर ध्रुवावर जाऊन सांताला अहवाल देतो आणि सकाळी वेगळ्या जागी बसलेला सापडतो. मुलांनी त्याला हात लावायचा नाही, लावला तर त्याची जादू जाते. रात्री त्याला हलवायचं काम अर्थातच आईबापांचं.

धंदा तुफान चालला. घरातून तो वर्गात शिरला. तिथल्या शिक्षिका डिसेंबरभर वर्गात एल्फ बसवतात, रोज नवी जागा, नवी चिठ्ठी. त्याच्याभोवती मग क्राफ्ट आलं, वर्कशीट आली, एल्फचे कान, एल्फची टोपी, एल्फची नावं. तेच सगळं आता डाउनलोड होऊन आमच्या बसस्टँडवरच्या झेरॉक्सच्या दुकानात छापलं जातं. टॉयलेट पेपरचा रोल आपल्या यादीत आला तो असा. त्यांच्या घरात ती नळी रोज कचऱ्यात जाते, म्हणून तिथल्या कुण्या शहाण्या बाईनं त्यातून एल्फ केला. कचऱ्यातून खेळणं, फार चांगली कल्पना. आपण काय केलं? कल्पना सोडली आणि कचरा विकत आणला.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिला फोन केला. म्हणाली, "दादा, तू मला एल्फबद्दल विचारतोयस? अरे, रात्री साडेअकराला अंथरुणातून उठून त्याला हलवावं लागतं. विसरले की सकाळी मुलाला थापा." तिकडच्या आया एल्फच्या पायाला पट्टी बांधून 'तीन दिवस विश्रांती सांगितलीय' असंही करतात म्हणे. जॉर्जियातल्याच कॉब काउंटीच्या एका न्यायाधीशांनी २०२१ साली गमतीत आदेशच काढला होता, आमच्या काउंटीतून एल्फ हद्दपार, थकलेल्या पालकांना माझी ही भेट. म्हणजे तिथंही लोक वैतागलेत.

पण बहिणीनं दुसरी एक गोष्ट सांगितली, ती डोक्यात राहिली. तिच्या मुलाच्या वर्गात क्राफ्ट घरी येतच नाही. वर्गात बसून करायचं, पाऊण तासात, मिळेल त्या कागदात. "भिंतीवर बावीस एल्फ लावलेत आणि बावीसच्या बावीस वाकडे. एकाला तीन डोळे. कुणी सरळ करायला जात नाही." सगळीकडे असंच असेल असं नाही. बक्षिसासाठी रात्र जागणाऱ्या आया तिकडेही आहेतच. पण मला ते बावीस वाकडे एल्फ फार आवडले.

डेन्मार्कमध्ये तर शाळांतून डिसेंबरच्या सुरुवातीला एक अख्खा दिवस नुसतं कापायचं आणि चिकटवायचं असतं. कागदाचे निसे, दोन रंगांच्या पट्ट्या एकमेकींत विणून केलेली कागदी हृदयं. अनेक शाळांत आई-बाबा, आजी-आजोबाही येऊन मुलांशेजारी बाकावर बसतात. परीकथा लिहिणारे हान्स ख्रिश्चन अँडरसन स्वतः कात्रीत पक्के होते, गोष्ट सांगता सांगता कागद कापायचे. त्यांचं कातरकाम आजही तिथं जपून ठेवलंय. एकच प्राणी, पण एका ठिकाणी तो मुलाच्या हातात कात्री देतो आणि दुसऱ्या ठिकाणी कपाटावर बसून मुलाची चहाडी करतो. आपण उचलताना नेमका दुसरा उचलला.

चहाडीबद्दल थोडं गंभीर बोलायला हवं. कॅनडातल्या लॉरा पिंटो आणि सेलेना नेमोरिन या दोन अभ्यासकांनी २०१४ साली याच बाहुल्यावर लेख लिहिला होता. त्यांचा मुद्दा असा की, आपल्यावर सतत कुणाची तरी नजर आहे आणि ते अगदी नॉर्मल आहे, हे या खेळातून लहान मुलांच्या अंगवळणी पडतं. तेव्हा पुष्कळ लोक हसले, बाहुल्यावर कसला अभ्यास करता म्हणून. मीही हसलो असतो. पण माझ्या मुलीनं मला 'हळू बोल' म्हटलं तेव्हा नाही हसता आलं.

तुम्ही म्हणाल, वर्गात सीसीटीव्ही आहेच की. आहे. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सरकारनं शाळांना कॅमेरे सक्तीचे केले आणि ते बरोबरच केलं. पण कॅमेरा कुणावर नजर ठेवायला आहे? मोठ्यांवर. मुलांच्या सुरक्षेसाठी. त्याच घटनेनंतर सगळ्या शाळांमधून आपण मुलांना काय शिकवायला लागलो? कुणी 'हे कुणाला सांगू नकोस' म्हणालं तर आधी येऊन सांगायचं, काही झालं तरी आई-बाबा रागवणार नाहीत, घाबरायचं नाही. आणि डिसेंबरात त्याच वर्गाच्या कपाटावर एक बाहुलं ठेवून सांगतो, हा सगळं बघतो, सगळं सांगतो, चुकलीस तर बक्षीस नाही. मूल मग चूक सांगेल की लपवेल? माझ्या मुलीनं सांगितलं, ते नशीब माझं. कानात सांगितलं, पण सांगितलं.

आता त्या १२० रुपयांच्या एल्फकडे येतो, कारण तिथं मला खरी बातमी सापडली.

गुरुवारी दुकानदाराला विचारलं, हे बनवतं कोण? तो आधी टाळाटाळ करत होता, मग म्हणाला, मागच्या आळीतल्या एक बाई आहेत, श्रावणात राख्या करतात, लग्नसराईत मुंडावळ्या आणि रुखवताचं सामान. गेलो. दहा बाय बाराची खोली. खाटेवर हिरव्या फेल्टच्या कापट्यांचा ढीग. माल दुकानदाराचा, मजुरी नगाला आठ रुपये. चार दिवसांत दीडशे एल्फ दिले होते. बाईंनी मला चहा दिला आणि हात चालूच ठेवला. त्यांची मुलगी पाचवीत, नगरपालिकेच्या शाळेत. ती दारात बसून टोप्या करत होती. पेन्सिलनं आखलेलं नव्हतं, नुसत्या नजरेनं अर्धगोल कापायची, वळवायची, कडेला गोंदाची एक रेघ ओढायची, टोपी तयार. मी घड्याळ लावून नाही बघितलं, पण माझं एक वाक्य लिहून व्हायच्या आत दोन टोप्या होत होत्या. मी विचारलं, "टोपी टोकदार व्हायला किती कापावं लागतं, कसं कळतं?" ती म्हणाली, "जास्त कापलं की टोपी बारीक आणि उंच होते. कमी कापलं की पसरट, आमच्या आजोबांच्या घोंगडीच्या खोळीसारखी."

वर्तुळाच्या पाकळीतून शंकू कसा होतो, हे ती पाचवीतली पोर बोटांनी शिकली होती. ज्या मुलांच्या नावावर त्या टोप्या गेल्या, त्यांना तेच पुढं नववी-दहावीत सूत्र म्हणून पाठ करावं लागेल. मी विचारलं, तुमच्या शाळेत ख्रिसमसचं काय करतात? "सुट्टी असते," म्हणाली.

आमच्या गावात एल्फ खरोखर आहेत, ते असे. रात्री जागून दुसऱ्यांच्या मुलांसाठी खेळणी करतात आणि सकाळी कुणाला दिसत नाहीत. ही बाई काही रडगाणं गात नव्हती, हे मुद्दाम सांगतो. "डिसेंबरला काम नसायचं, आता असतंय," असं तिचं म्हणणं. तिची मजुरी बुडावी असं मला अजिबात वाटत नाही. नगाला आठाऐवजी वीस मिळावेत असं वाटतं. आणि खरं तर शाळेनं तिलाच एक दिवस मानधन देऊन वर्गात बोलवावं, कापायला शिकवायला.

ही बातमी मी लिहिली. छापून आली नाही. सांगितलं गेलं की शाळा आपल्या जाहिरातदार आहेत, ॲडमिशनचा सीझन तोंडावर आहे, 'कशाला उगाच'. प्रेसनोट मात्र फोटोसह लागली, तीन कॉलम. मथळा माझ्या सहकाऱ्यानं दिला. कोणता दिला असेल, तुम्ही ओळखलंच असेल. म्हणून हे इथं लिहितोय.

या पोस्टखाली काय येणार, तेही ठाऊक आहे. 'आपली संस्कृती सोडून एल्फ कशाला?' दर डिसेंबरात सांताच्या टोपीवरून निवेदन देणारे कार्यकर्ते मला फोटोसाठी फोन करतातच. त्यांना एकच विचारतो, दिवाळीच्या किल्ल्याचं काय झालं? माझ्या लहानपणी किल्ला म्हणजे दगड, विटा, पोत्याचं गोणपाट, त्यावर चिखल आणि वर पेरलेलं अळीव. आता बाजारात रंगवलेला तयार किल्ला मिळतो, प्लास्टर ऑफ पॅरिसचा. उचलायचा, अंगणात ठेवायचा, मावळे मांडायचे, सेल्फी. तो तर आपल्याच संस्कृतीतला आहे ना? त्या किल्ल्याला आणि या एल्फला पोराचा हात सारखाच लागलेला नाही.

आणि ज्यांचा हा सण, त्यांना तरी कुणी विचारलं का? आमच्या गावात मिशन कंपाउंड आहे, तीन-चार पिढ्यांची मराठी ख्रिस्ती घरं आहेत. माझा शाळेपासूनचा मित्र तिथलाच, आता जिल्हा परिषदेचा शिक्षक. त्याला एल्फ दाखवला. निरखून बघत म्हणाला, "हा कोण रे? आमच्या चर्चमध्ये याला कुणी ओळखत नाही." त्यांच्याकडे नाताळ म्हणजे करंज्या, शंकरपाळ्या, रात्री घरोघर फिरून गायची गाणी, गव्हाणीचा देखावा आणि दारावर चांदणी. चांदणी तो दरवर्षी स्वतः करतो. बांबूच्या कामट्या, सुतळी, पतंगाचा कागद, घरची खळ. आकाशकंदिलाचंच सगळं सामान, फक्त आकार पाच टोकांचा. दहा कामट्या बांधून दोन चांदण्या करायच्या, पाठीला पाठ लावायच्या, मध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं. त्याच्या शाळेतली चौथीची मुलं हे करतात, त्यात सगळ्या जातिधर्माची पोरं. त्याचं मत असं की कामटी वाकवताना ती कुठं मोडणार हे मुलाला एकदा मोडल्यावर कळतं, आणि ते मोडू देण्याचं धाडस बाईंमध्ये पाहिजे.

आमच्या शाळेतल्या बाईंमध्ये ते नाही का? मी शुक्रवारी त्यांना भेटलो. वर्गाबाहेर उभं राहूनच बोललो, नाव अर्थातच सांगणार नाही. अगदी तरुण मुलगी आहे, डी.एड. झालेली. पगाराचा आकडा विचारला नाही, या शाळांत काय मिळतं ते गावाला माहीत आहे. तिला मी मुलीची गोष्ट सांगितली. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "सर, मला वाटलं मुलांना मजा येईल. वरून पीडीएफ येते, त्यात होतं तसं केलं. अकरा वाजता फोटो अपलोड करायचे असतात. मुलांना कापायला दिलं तर दोन तास जातात, कचरा होतो, फोटोत चांगलं दिसत नाही, आणि मग पालकच विचारतात, 'आमच्या मुलाचं असं काय?'" खरं आहे. आपणच विचारतो. ग्रुपवर वाकडा एल्फ आला असता तर त्याखाली अंगठा कुणी टाकला असता? मीसुद्धा नाही.

तिला मी एवढंच म्हटलं की तिकडच्या काही शिक्षिकांनीच या एल्फची ड्युटी बदललीय. तो चहाडी करत नाही. रोज सकाळी एक चिठ्ठी देतो : आज कुणाची पेन्सिल पडली तर उचलून दे, आज डब्यात एक घास जास्त आण. हे करता येईल. आणि पेपरच्या कार्यालयात रद्दीचे गठ्ठे पडलेत, चाळीस काय, चारशे टोप्या होतील. पुण्याचे अरविंद गुप्ता आयुष्यभर हेच सांगत आले. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनं वर्तमानपत्र, यातून विज्ञानाची खेळणी. त्यांना त्यासाठी २०१८ साली पद्मश्री मिळाली, त्यांची पुस्तकं मराठीतही आहेत, फुकट वाचायला मिळतात. एनसीईआरटीनं २०२३ साली लहान मुलांसाठी 'जादुई पिटारा' काढला, तोही खेळण्यांतून शिकण्यासाठीच. धोरणात सगळं आहे. वर्गात अकरा वाजता फोटो आहे.

रविवारी आम्ही घरी एल्फ केला. माझ्याच बातमीचं पान घेतलं, ती तीन कॉलमवाली. मी फक्त ताट उपडं ठेवून गोल आखून दिला, बाकी हात मागे बांधून बसलो. फार अवघड असतं हो हे. कात्री वाकडी जाताना बघवत नाही. तिनं कान एक मोठा, एक लहान कापला. हातपाय वेगळे कापून सुतळीच्या गाठी मारून जोडले, त्यामुळे ते हलतात, हे तिला इतकं आवडलं की पुढचा अर्धा तास तो नुसता नाचत होता. टोपी करताना गोल फारच थोडा कापला, म्हणून ती पसरट होऊन डोळ्यांवर आली. मी म्हटलं, "याला तर दिसतच नाहीये काही."

"हो ना," ती म्हणाली. "म्हणून हा कुणाला काही सांगणार नाही."

तो आता फ्रिजवर आहे. आई येता-जाता त्याची टोपी वर करते, मुलगी येऊन परत खाली ओढते.

शाळेला मी पत्र दिलंय. क्राफ्ट वर्गातच व्हावं, साहित्य घरात असेल तेवढंच मागावं, यादी दोन दिवस आधी द्यावी, कपाटावरच्या एल्फची नोकरी बदलावी, आणि माझ्या मित्राला चांदणी शिकवायला एक दिवस बोलवावं. तो फुकट यायला तयार आहे, कामट्याही आणतो म्हणाला. उत्तर अजून आलेलं नाही.

हे लिहितोय तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडला. रात्रीचे आठ बेचाळीस. उद्या स्नोमॅन, थर्माकोलचे गोळे तीन. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, पण ते जाऊ दे. मी लिहिलंय, 'मॅडम, गोळे आणत नाही, घरचा कापूस आणि रद्दी देतो, ती वर्गात करेल.' खाली दोन पालकांचे अंगठे आले आहेत. एक त्या रोल उलगडणाऱ्या ताईंचा आहे.